जुनापाणीची शिळावर्तुळं: कधी जायचं, कसं बघायचं आणि हात कशाला लावायचा नाही

नागपूरहून काटोल रोडने निघालं की साधारण दहाएक किलोमीटरवर जुनापाणी येतं. तिथल्या माळावर काळ्या दगडांची गोल गोल रिंगणं पडलेली आहेत, एक नाही दोन नाही, आजवर तीनशेच्या आसपास नोंदवली गेलीत. ही सगळी दफनं आहेत, साधारण तेवीसशे ते तीन हजार वर्षं जुनी, आणि जागा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे. तरी बहुतेक लोक गाडी लावतात, दोन फोटो काढतात, "अरे दगडच तर आहेत" म्हणतात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. त्यांचा दोष नाही, खरंच, कारण तिथे अजिंठ्यासारखं समोर उभं राहून आ वासून बघायचं असं काही नाहीये, जे आहे ते वाचायला शिकावं लागतं. ते कसं वाचायचं तेच इथे लिहितोय, म्हणजे तुमचा अर्धा दिवस वाया जाणार नाही आणि तुमच्यामुळे त्या जागेचंही काही बिघडणार नाही.

आधी तिथे काय आहे ते डोक्यात पक्कं करून जा. आपल्याला कडेचे मोठे दगड दिसतात म्हणून आपण वर्तुळ वर्तुळ म्हणतो, पण खरा माल आतमध्ये आहे. माणूस गेला की त्याची हाडं (बऱ्याचदा पूर्ण देह नाहीच, निवडक हाडं), सोबत मातीची भांडी, लोखंडी हत्यारं, कधी मणी, कधी तांब्याच्या वस्तू असं सगळं कुठे खड्ड्यात तर कुठे जमिनीवरच मांडायचे, त्यावर काळी चिकण माती भरायची, वर दगडगोट्यांचा थर रचायचा आणि हे सगळं धरून ठेवायला कडेने मोठाले दगड गोलात बसवायचे. इंग्रजीत या गोट्यांच्या रचावाला केर्न म्हणतात, आपण ढिगारा म्हणू, पण ढिगारा म्हटलं की कुणीतरी आणून टाकलेलं वाटतं आणि हे तसं बिलकुल नाही. काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३०० च्या दरम्यानचा. लिहिलेलं एक अक्षर या लोकांनी मागे ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे काय कळतं ते कोणती वस्तू कशाच्या शेजारी, किती खोल आणि कोणत्या दिशेला होती यावरूनच कळतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. मातीतून उपटून आणलेली कुऱ्हाड म्हणजे गंजलेलं लोखंड, आणि तीच कुऱ्हाड घोड्याच्या हाडांशेजारी जागेवर सापडली तर त्यातून अख्ख्या समाजाबद्दल बोलता येतं.

आणि बोलता आलंही आहे बरं का. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, जो खरं तर कापसाच्या कामावर होता, एकोणिसाव्या शतकात इथली काही वर्तुळं खोदली आणि १८७९ मध्ये त्याचा लेख छापून आला. त्याने दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहिले आणि त्याला एकदम ब्रिटनमधले तसलेच दगड आठवले. मग १९६१ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथे नीट, पद्धतशीर उत्खनन केलं. आजूबाजूचीही ठिकाणं एकेक करून पुढे आली, टाकळघाट-खापा १९६८-६९ मध्ये, माहुरझरी १९७० ते ७२, दोन्ही पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी खोदली, नंतर पेंच नदीकाठचं नायकुंड, जिथे चक्क खनिजातून लोखंड काढायची भट्टी सापडली. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने आणि घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा मिळाल्या, म्हणजे मालकासोबत घोडाही मारून पुरला असावा असं अभ्यासक म्हणतात. एवढं वाचून गेलात तरी समोरचा दगड वेगळा दिसायला लागतो.

आता जायचं कधी. डिसेंबर ते फेब्रुवारी, यात चर्चा नको. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, गोटे दिसतच नाहीत आणि जे दिसत नाही त्यावरच पाय पडतो. नोव्हेंबरात गवत वाळायला लागतं पण कुसळं इतकी असतात की मोजे फेकून द्यावे लागतात. एप्रिल-मे मध्ये नागपूरचं ऊन काय असतं हे नागपूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांनी उगाच अनुभव घेऊ नये, तिथे सावली म्हणून फार काही नाही आणि तो काळा दगड तव्यासारखा तापतो. पावसाळा टाळायचं अजून एक कारण आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची अशीच वर्तुळं बघून संध्याकाळी बोरी गावाकडे परत येत होते, वाटेतला नाला पावसाने फुगलेला होता आणि त्यात ते वाहून गेले. त्या काळात घोड्यावर होते, आज आपण बाईकवर असतो एवढाच फरक, विदर्भातला नाला अजून तसाच आहे, वर कुठेतरी पाऊस पडतो आणि इकडे कोरड्या पात्रात अर्ध्या तासात लोंढा येतो.

वेळ सकाळची घ्या, साडेसात ते नऊ, नाहीतर दुपारी चारनंतर, पण सूर्यास्ताच्या आत बाहेर. याचं कारण नुसतं ऊन नाही, तिरप्या उजेडाचं आहे, ते खाली खळग्यांच्या भागात सांगतो.

पोचायला स्वतःची गाडी बरी. मॅपवर लोकेशन टाकलं की मुख्य रस्त्यापर्यंत बरोबर नेतं, पुढे मात्र गावात विचारा, "भाऊ, ते दगडाचे गोल कुठे आहेत" एवढं म्हटलं तरी कळतं. सगळी वर्तुळं एका कंपाउंडात नाहीत, झुडपांत, पांदणीच्या कडेला, वावरांच्या धुऱ्याजवळ (म्हणजे बांधाजवळ) अशी गटागटाने पसरलेली असतात. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड दिसला की तिथून सुरुवात करा. कॅन्टीन, गाईड, टॉयलेट असलं काही गृहीत धरू नका. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, लांब पँट, घोट्यावर येणारे बूट (चपला घालून जाणाऱ्यांना घोणस ओळखत नाही), आणि कामाचं सामान म्हणजे वही-पेन्सिल, एक लांब सुतळी किंवा टेप, टॉर्च, छत्री आणि पंधरा सेंटीमीटरची पट्टी. पोहे शहरातच खाऊन निघा, तर्री कितीही आवडत असली तरी पार्सल नको, कारण त्या पिशव्या आणि द्रोण शेवटी कुठे पडतात ते सगळ्यांना माहीत आहे.

तिथे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. खरंच, पाच मिनिटं थांबा आणि लांबून बघा. जमीन कुठे उंच आहे, पाणी कुठल्या बाजूला असेल, काळी सुपीक माती कुठून सुरू होते. ही दफनं साधारणपणे मुरमाड, खडकाळ माळावर असतात जिथे पीक फारसं येत नाही, आणि राहायची वस्ती पाण्याजवळ, काळ्या मातीकडे. म्हणजे चांगली जमीन जिवंत माणसांना, माळ मेलेल्यांना, आणि दगड काय तिथेच आजूबाजूला मिळतात. विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाजवळ वर्तुळं शोधायची असतील तर हाच हिशोब लावा, बऱ्याच वेळा लागू पडतो.

मग एकच वर्तुळ निवडा. लोक काय करतात की तीस वर्तुळं भराभर बघतात आणि एकही नीट बघत नाहीत. एक निवडा ज्याचे कडेचे दगड बऱ्यापैकी जागेवर आहेत, आणि त्याच्या बाहेरून फिरा, बाहेरून, आत नाही. पहिल्या फेरीत फक्त दगड मोजा. उत्तरेकडच्या दगडाला एक नंबर द्या (वहीत हो, दगडावर नाही) आणि घड्याळाच्या दिशेने पुढे जा. उत्तर बघायला मोबाईलचा कंपास चालतो पण एक गोष्ट सांभाळा, हा दगड बसाल्ट आहे, त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात, त्यामुळे मोबाईल दगडावर ठेवून दिशा बघितली तर सुई भलतीकडे जाऊ शकते. चार-पाच पावलं लांब उभं राहून बघा, गाडीपासूनही लांब.

दुसऱ्या फेरीत माप. व्यास मोजायला लोक सरळ मधून टेप नेतात, म्हणजे नेमकं त्या गोट्यांच्या रचावावरून चालत, आणि सुटा गोटा पायाखाली सरकला की एक तर घोटा मुरगळतो आणि दुसरं म्हणजे जो दगड दोन हजारांहून जास्त वर्षं जागेवर होता तो आता नाहीये. त्यापेक्षा सुतळी बाहेरून गोल फिरवा, घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ३८ मीटर आला तर व्यास १२ मीटर, शाळेतलं गणित, मुलं सोबत असतील तर त्यांना हेच काम द्या, एकदम खूश होतात. वर्तुळं लहान-मोठी असतात, एकाच गटात शेजारी शेजारी एक एवढंसं आणि एक भलंमोठं असंही दिसतं. का, तर माणसाचा मान, कुटुंबाची ताकद, दगड ओढायला किती हात मिळाले, असे बरेच अंदाज आहेत, तुम्हीही तुमचा लावा, पण वहीत आधी माप लिहा आणि मग अंदाज.

तिसऱ्या फेरीत आत बघा, बाहेर उभं राहूनच. मधला भाग कडेपेक्षा किंचित फुगलेला आहे का, गोटे साधारण सारख्या आकाराचे आहेत का, मध्ये खोलगट भाग आहे का. फुगलेला आणि गोट्यांनी भरलेला असेल तर ते दफन बहुधा अजून कुणी उघडलेलं नाही, आणि अशा वर्तुळाजवळ तर अजूनच जपून. खोलगट असेल तर कधीतरी खोदलं गेलंय. कडा सरळ, चौकोनी, कुठे मातीची भिंत उभी कापल्यासारखी दिसली तर अभ्यासकांचं उत्खनन असू शकतं, वेडावाकडा खड्डा आणि बाजूला फेकलेले गोटे दिसले तर दुसऱ्याच लोकांचं काम. एखादं मोठं झाड वर्तुळातून उगवलेलं दिसलं तर तेही लिहून ठेवा, मुळं आतली मांडणी उचकटत असतात.

आता खळगे. जुनापाणीची ही खरी खासियत आणि नव्वद टक्के लोकांना दिसतच नाही. काही दगडांवर छोटे, उथळ, गोल खळगे कोरलेले आहेत, बऱ्याच वेळा ओळीत, कधी दोन ओळी समांतर. भर दुपारी वरून ऊन पडलं की सगळा दगड एकसारखा सपाट दिसतो म्हणून मी सकाळचं सांगितलं. उशीर झालाच असेल तर छत्रीने दगडावर सावली करा आणि टॉर्च अगदी बाजूने, दगडाला समांतर धरा, एकदम उठून दिसतात, हा जुगाड फोटोलाही चालतो. पण प्रत्येक भोक म्हणजे खळगा नव्हे हां. बसाल्टमध्ये लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक भोकं असतात, ती वेडीवाकडी, लहान-मोठी, कशीही विखुरलेली आणि कधी आत पांढरट खनिज भरलेलं. माणसाने केलेला खळगा गोल असतो, कड घासल्यासारखी गुळगुळीत, आणि शेजारच्या खळग्यांशी त्याचं माप आणि अंतर जुळतं. तिसरा प्रकार म्हणजे दगड फोडायला पाथरवटांनी मारलेल्या पाचरीच्या खाचा, त्या लांबट, चौकोनी आणि खोल, या अलीकडच्या, बघून वाईट वाटतं पण नोंद करा. खळगे कशासाठी होते यावर एकमत नाही. काही संशोधकांनी खळगे असलेले दगड वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत ते मोजून सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध लावून पाहिलाय. मला स्वतःला हे आकर्षक वाटतं पण अजून पुरतं पटलेलं नाही, कारण इतके दगड हललेत, इतके गायब झालेत की उरलेल्यांच्या दिशेवरून काय सांगायचं. तुम्ही मात्र तुमच्या वर्तुळातल्या कोणत्या नंबरच्या दगडावर खळगे आहेत ते नक्की लिहा, तेवढं खरं.

खळगे नीट दिसावेत म्हणून त्यात खडू, कोळसा, हळद, पाणी, तेल काही घालायचं नाही. यूट्यूबवर बघितलेलं असतं कुणीतरी, म्हणून सांगतोय. दगडावर जी राखाडी-पिवळी बुरशीसारखी पापुद्र्याची वाढ असते ना, ती दगडफूल, तीही खरवडायची नाही. फोटो काढताना बाजूला पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं, एक फोटो जवळून, एक अख्ख्या दगडाचा, एक अख्ख्या वर्तुळाचा, या क्रमाने, नाहीतर घरी गेल्यावर सगळे दगड सारखेच दिसतात आणि कोणता कुठला तेच कळत नाही.

काय करायचं नाही याची यादी खरं तर लांब आहे पण मुद्दा एकच, काहीही हलवू नका. गोटा उचलून खाली बघायचं नाही (खाली विंचू असतो, हे मुलांना सांगितलं की काम होतं). सुटे गोटे एकावर एक रचून इन्स्टाचे मनोरे करायचे नाहीत, हा नवीन रोग आहे आणि यात नेमके केर्नचेच दगड वापरले जातात. खापराचा तुकडा दिसला, काळा-लाल, गुळगुळीत, तर बसून बघा, पट्टी ठेवून फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. खिशात टाकलेला तुकडा दोन महिन्यांनी शोकेसमधून कचऱ्यात जातो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कडेच्या दगडावर चढून फोटो नको, आत गाडी नेऊन रील नको, वर्तुळात चूल नको कारण आगीने दगड तडकतो आणि वरच्या मातीतला कोळसा पुढे तारीख काढणाऱ्यांची दिशाभूल करतो. ड्रोन किंवा व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी लागते. मेटल डिटेक्टर तर घेऊन जायचा विचारही करू नका, तिथे तुम्ही कितीही हौशी असलात तरी बघणाऱ्याला तुम्ही एकाच प्रकारचे दिसणार.

तो प्रकार म्हणजे गुप्तधनवाले. यावर जरा बोलतो कारण विदर्भातल्या जुन्या जागांचं मोठं नुकसान या खुळाने केलंय. रात्री जायचं, लिंबू, हळद-कुंकू, नारळ, आणि मग मधोमध खड्डा. यांना कोण सांगणार की शंभर-दीडशे वर्षांत शिकलेल्या लोकांनी रीतसर खोदून जे काढलं त्यात मडकी आहेत, गंजलेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्याचे लगाम आहेत, दगडाचे मणी आहेत, हाडांचे तुकडे आहेत. हंडा कुणालाही मिळालेला नाही. कुठे ताजा खड्डा, ताजं लिंबू दिसलं तर स्वतः चौकशी करत बसू नका, फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, तिथून निघा आणि पोलीस पाटलांना किंवा पोलीस स्टेशनला आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला (म्हणजे विभागीय ऑफिसला) कळवा.

कायदाही थोडक्यात माहीत असू द्या, वाद घालायला नाही, सांगायला. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित जागेचं नुकसान केलं, हलवलं, विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवीन बांधकाम नाही, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊनच. नागपूरच्या बाहेर प्लॉट घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. लेआउटचा ब्रोशर दाखवणारा तुम्हाला पार्क दाखवेल, क्लबहाउस दाखवेल, तीनशे मीटरची गोष्ट सांगेलच असं नाही, आणि मग घराचा नकाशा मंजुरीला टाकल्यावर ना-हरकत मागितली जाते तेव्हा डोकं धरून बसावं लागतं. विसार देण्याआधी गट नंबर घेऊन खात्याच्या ऑफिसात विचारून या, फुकट आहे.

शेतकऱ्यांना उगाच भीती असते की वावरात असलं काही निघालं की सरकार जमीन घेणार, त्यामुळे दगड गुपचूप धुऱ्यावर जातात आणि गोटे विहिरीच्या बांधकामात. जाहीर झालेल्या संरक्षित क्षेत्रात सुद्धा शेती करायला कायद्याने सरसकट बंदी नाही, वरच्या एक फुटाच्या खाली माती खणली जाणार नाही अशी वहिवाट चालते. खोल नांगरट, मुरूम काढणं, खदान, सुरुंग, बांधकाम हे मात्र परवानगीशिवाय चालत नाही. हे गावात कुणाशी बोलताना नक्की सांगा, पण तलाठ्याच्या थाटात नको. पांदणीवर भेटलेल्या आजोबांना राम राम करा, पाणी विचारा, बसा, आणि आधी त्यांचं ऐका. दगड कुणी मांडले, लहानपणी किती होते, कोणते कुठे गेले, जेसीबी कधी आला, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्याकडची कथा तुमच्या वाचनाशी जुळली नाही तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, लिहून घ्या.

जमिनीत वस्तू निघालीच, नांगराला भांडं लागलं, जेसीबीच्या बकेटात लोखंड आलं, तर काम तिथेच थांबवा आणि वस्तू काढू नका, धुवू नका, अर्धी निघाली असेल तर तशीच वरून माती टाकून झाका. लोखंड एवढी वर्षं मातीत ज्या अवस्थेत टिकलं ती अवस्था हवेत बदलते, लवकरच त्याचा भुगा होऊ शकतो. १८७८ चा एक निखात निधीचा (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा आहे, अजून लागू आहे, त्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये वाचून हसू येतं पण म्हणजे अर्थ असा की जवळजवळ सगळंच कळवायचं.

वेळ उरला तर त्याच रस्त्याने पुढे माहुरझरीला जा, साधारण पंधरा किलोमीटर नागपूरपासून, तिथे दफनांसोबत मणी बनवायचा उद्योगही होता, म्हणजे मेलेल्यांच्या गळ्यातले मणी बनवणारे हात जवळच राहत होते. वस्तू बघायच्या असतील तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा, विदर्भातल्या उत्खननांतलं बरंच काम तिथल्याच लोकांनी केलंय. आणि लंडनमध्ये कुणी मराठी मंडळी असतील तर त्यांना सांगतो, रिव्हेट-कार्नॅकने पाठवलेल्या जुनापाणीच्या लोखंडी वस्तू ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, सगळ्या मांडलेल्या असतीलच असं नाही, त्यांच्या ऑनलाइन कलेक्शनमध्ये शोधून बघा.

राहिलं शेवटचं, संरक्षित यादीत नसलेली वर्तुळं. नागपूर जिल्ह्यात आणि आजूबाजूला ती भरपूर आहेत आणि रस्ता रुंदीकरण, गिट्टी खदान, लेआउट यांत तीच आधी जातात. आधी सॅटेलाइट नकाशावर बघा, उन्हाळ्यातली इमेज असेल तर रिंगण स्पष्ट दिसतं (खळं, गोठ्याचं कुंपण, विहिरीचा काठ हेही गोल दिसतात, म्हणून जागेवर जाऊन खात्री करा). खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारूनच आत जा. मग एक पानाचा साधा मराठी अर्ज लिहा: गाव, तालुका, गट नंबर, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, किती वर्तुळं, अंदाजे घेर, सध्या धोका काय, सोबत पाच-सहा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. सोन्याचा हंडा, पांडवकालीन, जगातलं सर्वात जुनं असले शब्द टाकू नका, अर्ज वाचणारा तिथेच फाईल बंद करतो. एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर ऑफिसला, एक तहसीलदारांना. लोकेशन मात्र फेसबुकवर टाकू नका, निदान खातं येऊन बघून जाईपर्यंत तरी नाही, कारण ते आधी कोण वाचतं हे वर सांगितलंच आहे. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या, महिन्याभराने त्याच नंबरवर चौकशी करा, आणि काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून त्या नंबरच्या पत्रावर काय कार्यवाही झाली एवढंच विचारा.